पक्षी ओळखायला शिकायचंय? मग रंग सगळ्यात शेवटी बघा

"काल एक निळा पक्षी दिसला, कोणता असेल?" हा प्रश्न पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी येतोच आणि खरं सांगायचं तर याला उत्तरच नसतं. निळा म्हणजे खंड्या असेल, छोटा खंड्या असेल, नीलपंख असेल, झाडीत असेल तर निळा माशीमार असेल, आणि ऊन नीट पडलं तर काळा शिंजीरसुद्धा निळा चमकतो. पण तोच माणूस जर म्हणाला की साळुंकीपेक्षा थोडा मोठा होता, डोकं अंगाच्या मानाने मोठं, चोच लांब आणि जाड, शेपटी आखूड, विजेच्या तारेवर एकटाच बसून खाली गवतात टक लावून बघत होता, तर रंग न सांगताही तो खंड्या आहे हे कळतं. आणि हो, खंड्या पाण्यापासून लांबही असतो, तो टोळ, सरडे, पाली सगळं खातो, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसला म्हणून बुचकळ्यात पडू नका.

तर या लेखात मी पुण्या-नाशकापासून कोकण-विदर्भापर्यंत घराच्या आसपास, शेतात, तळ्याकाठी जे पक्षी सहज दिसतात ते दिसण्यावरून कसे ओळखायचे ते सांगतोय. आवाजाचा विषय जवळपास बाजूला ठेवलाय, तो वेगळा आणि मोठा आहे.

आधी सामान, पण फार नाही

पहिले दोन-तीन महिने काहीही विकत घेऊ नका असं माझं मत आहे. गॅलरीतून दिसणारे आणि सकाळी फिरायला जाताना दिसणारे पक्षी डोळ्यांनी पुरेसे दिसतात. नंतर बायनॉक्युलर घ्याविशी वाटली तर 8×42 घ्या. यातला 8 म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार 20 पट, 30 पट वाली दाखवेल आणि ती भारीही वाटेल, पण हातात धरल्यावर ती इतकी हलते की पक्षी सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. 8 किंवा फार तर 10, त्याच्या वर जाऊ नका.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सुरुवातीलाच मोठी लेन्स घेतलेली माणसं पक्ष्याकडे बघतच नाहीत, फोटो काढतात आणि घरी येऊन ओळखायचं म्हणतात, मग फोटोत तो पक्षी एका फांदीवर एका पोजमध्ये थिजलेला असतो आणि तो चालत होता की उड्या मारत होता, शेपटी हलवत होता की नाही, एकटा होता की थव्यात, हे सगळं गेलेलं असतं. फोटो काढा, पण आधी अर्धा मिनिट बघा.

वेळ सकाळची, सूर्योदयापासून पुढचे दोन-तीन तास. दुपारी पक्षी सावलीत गप्प बसतात. आणि सूर्य तुमच्या पाठीशी हवा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण समोरून ऊन असेल तर होला, साळुंकी, बुलबुल सगळे नुसते काळे दिसतात.

पहिली पायरी: चार-पाच पक्षी पक्के पाठ करा, तीच तुमची मोजपट्टी

चिमणी साधारण 15 सेंटीमीटर, बुलबुल 20, साळुंकी 25 च्या आतबाहेर, पारवा 33, कावळा 40 आणि घार 60. हे आकडे घोकायची गरज नाही पण हे सहा पक्षी डोळ्यात बसायला हवेत, कारण यापुढे कुठलाही नवीन पक्षी दिसला की पहिला प्रश्न हाच, कुणापेक्षा मोठा आणि कुणापेक्षा लहान? "छोटासा होता" याला काही अर्थ नाही, "चिमणीपेक्षा लहान" याला आहे, कारण चिमणीपेक्षा लहान म्हटल्यावर घराजवळचे शिंजीर, शिंपी, चष्मेवाला, वटवट्या एवढेच मोजके उरतात.

एक सावधगिरी. लांबी मोजताना शेपटी धरतात, त्यामुळे आकडे फसवे असतात. कोतवाल 30 सेंटीमीटरच्या आसपास भरतो पण त्यातली निम्मी शेपटी, अंगाने तो बुलबुलाएवढाच. पोपटाचंही तसंच. म्हणून मनात धड आणि शेपटी वेगवेगळी धरा.

दुसरी पायरी: चोच

चोच बघितली की तो काय खातो ते कळतं, आणि काय खातो ते कळलं की तो कुठल्या कुटुंबातला हे जवळजवळ कळतंच. आखूड, जाड, तिकोनी चोच म्हणजे दाणे फोडणारा, चिमणी, सुगरण, मुनिया. बारीक सरळ चोच म्हणजे किडे टिपणारा, शिंपी, वटवट्या, धोबी. बारीक पण खाली वाकलेली म्हणजे फुलातला मध पिणारा शिंजीर. (याला बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडे एकही नाही, जे जास्वंदीवर येतं ते शिंजीरच.) टोकाला आकडा असलेली चोच म्हणजे शिकारी, घार, शिक्रा, आणि छोट्यांमध्ये खाटीक.

हुदहुद इथे चांगलं उदाहरण आहे. लांब वाकडी चोच, डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लॉनवर चालत चालत जमिनीत चोच खुपसत असतो आणि निम्मे लोक त्याला सुतारपक्षी म्हणतात. सुतार जमिनीवर असा फिरत नाही, तो झाडाच्या खोडाला उभा चिकटतो, शेपटीचा टेकू घेतो आणि खोडावर वर वर सरकत जातो. आपल्याकडचा सोनपाठी सुतार एकदा असा चढताना बघितला की पुन्हा घोळ होणार नाही.

तिसरी पायरी: शेपटी, आणि तिचं तो काय करतो

माझ्या मते ही सगळ्यात कामाची खूण आहे आणि नवीन लोक तिच्याकडेच बघत नाहीत, सगळे तोंडाकडे बघतात.

शेपटी टोकाला दुभंगलेली, दोन्ही टोकं बाहेर वळलेली, तर कोतवाल. शेपटी पाठीवर उभी धरलेली आणि पक्षी चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवट, कपाळ तांबूस, कुंडीतल्या झाडांत टुणटुण उड्या मारतोय, तर शिंपी. शेपटी सतत वरखाली हलवत पाण्याच्या कडेने पळतोय तर धोबी. शेपटी पंख्यासारखी पसरून फांदीवर डावीउजवीकडे वळतोय, क्षणभर स्थिर नाही, तर नाचण. हिरवा पक्षी, तारेवर बसलाय, शेपटीच्या मधून बारीक तारेसारखी दोन पिसं बाहेर आलीयेत, मधूनच हवेत झेप घेऊन माशी पकडून परत त्याच जागी येतोय, तर वेडा राघू. नावात राघू असलं तरी पोपटाशी त्याचं काही नातं नाही.

हिवाळ्यात चिमणीएवढा एक पक्षी गच्चीच्या कठड्यावर किंवा दगडावर येऊन बसतो, केशरी तांबूस शेपटी नुसती थरथरवत असतो. तो थिरथिऱ्या. मादी असेल तर बाकी सगळी मातकट तपकिरी, तरीही त्या शेपटीवरून लांबून सांगता येतं.

चौथी पायरी: आता सराव, सगळे काळे पक्षी घेऊन

रंगावर भरवसा ठेवायचा नाही हे मी का म्हणतोय ते काळ्या पक्ष्यांवरून लगेच पटेल. घराच्या आसपास किमान आठ पक्षी असे आहेत की ज्यांना नवीन माणूस नुसतं "काळा" म्हणेल.

कावळ्यापासून सुरू करू. गावकावळ्याची मान आणि छाती राखाडी असते, म्हणजे तो पूर्ण काळा नसतोच. पूर्ण काळा, अंगाने थोडा मोठा, चोच जाड आणि वरून चांगलीच कमानदार, तो डोमकावळा. शहराच्या मध्यात गावकावळे जास्त, झाडी आणि टेकडीकडे गेलं की डोमकावळे वाढतात.

कोकिळ नर कावळ्याएवढा लांब, पण सडपातळ, शेपटी लांब, काळ्यात निळी-हिरवी चकाकी, चोच फिकट हिरवट आणि डोळे लालभडक. तो सहसा उघड्यावर बसत नाही, आंब्याच्या किंवा पिंपळाच्या दाट पानात बसून ओरडतो. आणि ओरडतो तो नर, कवितांमध्ये काहीही असो. मादी बिलकूल काळी नाही, ती तपकिरी आणि तिच्यावर पांढरे ठिपके आणि पट्टे, तिला बघून लोक "ससाणा आला" म्हणतात. चोच बघा की, आकडा नाहीये.

भारद्वाज कावळ्यापेक्षा लांब, काळा, पण पंख तांबूस विटकरी आणि डोळे लाल. झुडपांच्या बुडाशी चालत फिरतो, उडायचा कंटाळा, उडला तरी जड अंगाने एका झाडावरून पुढच्या झाडात. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, त्यामुळे हा एक पक्षी बऱ्याच घरांत आजीला आधीच माहीत असतो, तिला विचारा.

कोतवाल तारेवर, गाईच्या पाठीवर, उघड्यावर. शेपटी सांगितलीच. भांडखोर एवढा की घारीच्या मागे लागून तिला हाकलतो, त्यामुळे आकाशात घारीला टोचणारा काळा ठिपका दिसला आणि तो कावळा नसेल तर बहुतेक कोतवालच. हिवाळ्यात झाडीत राखाडी रंगाचा, लाल डोळ्यांचा कोतवाल दिसला तर तो राखी कोतवाल, पाहुणा.

दयाळ बुलबुलाएवढा. नर वरून काळा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, शेपटी वर उचललेली. मादीत जिथे काळं तिथे राखाडी. बागेत, सावलीत असतो. चीरक यापेक्षा लहान, चिमणीहून जरासा मोठा, याचीही शेपटी उभी, पण पोट काळंच आणि शेपटीखाली तांबूस डाग, उडाला की खांद्यावर पांढरं चमकतं. चीरक बागेपेक्षा कोरड्या जागी, दगडांवर, माळावर, बांधकामाच्या ढिगाऱ्यावर. म्हणजे बघा, दयाळ आणि चीरक यांच्यात शंका आली तर पोट बघायचं आणि नाही दिसलं तर पायाखालची जागा बघायची.

आठवा पक्षी शिंजीर. एवढासा, 10 सेंटीमीटर, वाकडी चोच, लांबून काळा, ऊन पडलं की जांभळा-निळा.

आता यात रंग कितीदा कामाला आला ते मोजा. आधी आकार, मग शेपटी, चोच, जागा, आणि रंग शेवटी शिक्का मारायला.

पाचवी पायरी: एकच पक्षी वेगवेगळ्या कपड्यांत

नवीन लोक इथे फार वैतागतात. नर-मादी वेगळे, पिल्लं वेगळी, आणि काही पक्षी तर ऋतूप्रमाणे बदलतात.

चिमणा बघा, डोक्यावर राखाडी टोपी आणि गळ्यावर काळा डाग. चिमणी सगळी फिकट तपकिरी, डोळ्यामागे एक फिकट रेघ. हे सोपं. सुगरणीचा नर पावसाळ्यात डोक्यावर आणि छातीवर पिवळाधमक असतो आणि विहिरीवरच्या बाभळीला घरटी विणत असतो, तेव्हा कुणीही ओळखेल, पण पावसाळा संपला की तो पिवळा रंग जातो आणि नर-मादी दोघं चिमणीच्या मादीसारखी दिसायला लागतात. चोच थोडी जास्त जाड, शेपटी आखूड, आणि चिमण्यांपेक्षा शेताजवळ मोठ्या थव्यात, एवढ्यावर भागवावं लागतं.

जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात पूर्ण गडद, एरवी मादीसारखा पिवळसर, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मध्ये एक काळी रेघ उरते. ही रेघ दिसली की नर. दुसरा नेहमी दिसणारा शिंजीर म्हणजे जांभळ्या पाठीचा, त्या नराचं पोट पिवळं आणि छातीवर गडद विटकरी पट्टा, तो वर्षभर असाच.

वंचक, म्हणजे ढोकरी, हा तर नाटक्याच आहे. नाल्याच्या कडेला बसलेला मातकट, रेघारेघांचा, चिखलात मिसळून गेलेला, तुम्ही दोन पावलं पुढे गेलात की उडतो आणि अचानक पांढराशुभ्र. पंख पांढरे, ते मिटलेले असताना पाठीच्या मातकट पिसांखाली झाकलेले असतात. विणीच्या वेळी पाठ गडद किरमिजी होते, तेव्हा पुन्हा नवीन पक्षी वाटतो. तसाच नीलपंख, शेताच्या खांबावर बसलेला अगदी साधा तपकिरी, उडाला की पंखांतले निळे पट्टे असे उघडतात की बघणारा ओरडतोच.

म्हणून शक्य असेल तर पक्षी उडेपर्यंत थांबा. साळुंकीच्या पंखातला पांढरा पट्टा, बुलबुलाची पांढरी कंबर, होल्याच्या शेपटीच्या कडा, हे सगळं उडतानाच दिसतं. उडवू मात्र नका, दगड मारून टाळ्या वाजवून वगैरे, तो आपणहून उडतो.

सहावी पायरी: हमखास गोंधळाच्या जोड्या

साळुंक्या. नेहमीची साळुंकी तपकिरी, डोकं काळं, चोच पिवळी, पाय पिवळे आणि डोळ्यामागे पिवळी उघडी कातडी. तीच कातडी नसेल, रंग जास्त राखाडी, चोचीच्या वर कपाळावर पिसांचा छोटा तुरा आणि डोळा निळसर, तर जंगली मैना, डोंगराकडच्या भागात ही भरपूर. बदामी अंग आणि डोक्यावर मागे वळवलेली काळी शेंडी असेल तर भांगपाडी मैना. आणि हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर शेकड्यांनी येतात, फिकट गुलाबी अंग, काळं डोकं आणि काळे पंख, त्या भोरड्या, म्हणजे पळस मैना. पार पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून येतात, ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत जातात. लहान भोरड्या गुलाबी नसतात, मळकट करड्या असतात, थव्यात दोन्ही मिसळून असतात.

बुलबुल दोन. लालबुड्याचं डोकं काळं, तुरा आखूड, अंग गडद खवल्याखवल्याचं, शेपटीचं टोक पांढरं. शिपाई बुलबुलाचा तुरा टोकदार आणि उभा, गाल पांढरे त्यावर लाल ठिपका, पोट पांढरं. शेपटीखाली लाल दोघांनाही असतं, त्यामुळे "लाल बूड दिसलं म्हणजे लालबुड्या" हा हिशेब चुकतो. तुरा बघा. शिपायाच्या पिल्लांच्या गालावर लाल नसतं, तिथेही तुराच वाचवतो.

होले तीन शिका. मानेच्या मागे काळ्यावर पांढरे ठिपके, तर ठिपकेवाला होला. मानेच्या मागे फक्त एक काळी अर्धी कंठी, अंग फिकट राखाडी, तर कंठी होला, हा उघड्या कोरड्या मुलखात. सगळ्यात छोटा, गुलाबीसर तपकिरी, गळ्याच्या पुढे तांबूस-काळे बारीक ठिपके, तर छोटा होला. यांच्यातच हरियाल घ्या, हिरवट-पिवळं कबुतर, पाय हळदीसारखे पिवळे, वडा-पिंपळाची फळं खायला येतो आणि पानात इतका मिसळतो की एक दिसला म्हणेपर्यंत झाडात वीस असतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे हा आणि तो शहरातही येतो हे फार कमी जणांना माहीत असतं. जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून वर बघा.

पोपटांत नेहमीचा तो लाल चोचीचा, नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी, मादीला ती नसते. यापेक्षा बराच मोठा, चोच भलीमोठी आणि खांद्यावर लालसर डाग असेल तर करण पोपट. लहान, चोच पिवळी, नराचं डोकं जांभळट-लाल आणि मादीचं राखाडी, तर टुई. आणि जाता जाता, आपल्याकडचे हे सगळे पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पिंजऱ्यात पाळणं गुन्हा आहे, "आमच्याकडे लहानपणापासून आहे" हे चालत नाही.

पांढरे बगळे. पायाकडे बघा. पाय काळे, बोटं पिवळी, चोच काळी, तर छोटा बगळा. चोच पिवळी, मान आखूड आणि जाडसर, गाईगुरांच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे, तर गायबगळा, उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याचं डोकं आणि मान केशरी होते. खूप उंच, मान लांब आणि तिला मध्येच कोन पडलेला, तर मोठा बगळा. याची चोच ऋतूप्रमाणे पिवळी किंवा काळी असते म्हणून चोचीच्या रंगावर जाऊ नका, उंची बघा. चिखलात बोटं दिसतच नाहीत ही तक्रार रास्त आहे, उडताना पाय मागे लटकतात तेव्हा बघा.

पाकोळी आणि भिंगरी. संध्याकाळी आकाशात गोल गोल फिरणारे छोटे पक्षी, दोन्ही सारखेच वाटतात. एक सोपी परीक्षा: तारेवर बसलेली दिसली तर भिंगरी, कारण पाकोळीचे पाय असे असतात की ती तारेवर बसूच शकत नाही, फक्त भिंतीला लटकते. बिल्डिंगच्या छताखाली, जुन्या पुलाखाली मातकट पिसांची घरटी करून राहते, कंबर पांढरी, पंख कोयत्यासारखे, ती छोटी पाकोळी.

घारी आणि शिक्रा. शहरावर घिरट्या घालणारी, शेपटीला मध्ये खाच, ती आपली नेहमीची घार. कोकणात, गोव्यात किंवा धरणाजवळ डोकं-छाती पांढरी आणि बाकी सगळी तांबूस, शेपटी गोल, ती ब्राह्मणी घार. माळावर एका जागी हवेत पंख फडफडवत थांबलेली, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे, ती कापशी. शिक्रा पारव्याएवढा, पाठ राखाडी, छातीवर आडव्या बारीक तांबूस रेघा. आणि इथे एक तोतया आहे, पावशा. मृगाच्या आधी "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" ओरडणारा तोच. रंग, आकार, उडणं सगळं शिक्र्यासारखं, छोटे पक्षीही त्याला बघून घाबरतात. फरक चोचीत, पावशाची चोच सरळसर, आकडा नाही, डोळ्याभोवती पिवळं कडं. चोच आधी बघायची सवय इथे कामाला येते.

सातवी पायरी: लिहा, मग ॲप उघडा

खिशात छोटी वही ठेवा. तारीख, जागा, आकार कुणाएवढा, चोच, शेपटी, काय करत होता, आणि मग रंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत. चित्र आलं तर उत्तम, नाही आलं तरी अंडाकृती काढून त्यावर बाण मारा की कुठे पांढरं कुठे काळं.

मर्लिन नावाचं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं फुकट ॲप आहे, फोटो टाकला किंवा प्रश्नांची उत्तरं दिली की शक्यता दाखवतं. चांगलं आहे, मी वापरतो, पण आधी स्वतः अंदाज लिहायचा आणि मग विचारायचं, नाहीतर वर्षभर वापरूनही काही शिकलेलं नसतं. आणि त्याने सांगितलेला पक्षी तुमच्या जिल्ह्यात, त्या महिन्यात दिसतो का हे तपासा, ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर ते लगेच कळतं. घराजवळ काहीतरी दुर्मिळ निघालं तर शंभरात नव्व्याण्णव वेळा तो नेहमीचाच पक्षी वाईट उजेडात असतो.

मराठी नावं गावोगावी बदलतात, त्यामुळे वहीत स्थानिक नावाशेजारी पुस्तकातलं एक नाव लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलताना अडत नाही.

घरट्याजवळ जाऊ नका, फांदी वाकवून फोटो तर मुळीच नको, कावळ्यांना बरोबर कळतं माणूस कुठे डोकावतोय ते आणि मग ते घरटं लुटतात. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवायचा प्रकार विणीच्या काळात तर पूर्ण बंद ठेवा. पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात, मांजर-कुत्रं असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा.

कुठे आणि कधी

पहिलं वर्ष घराजवळची एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा, टेकडी, तळं, कॉलेजचं आवार काहीही. मग बाहेर. पुण्याहून भिगवणला उजनीच्या पाण्यावर, नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरला, मुंबईकरांनी कर्नाळ्याला किंवा ठाणे खाडीवर, नागपूरकरांनी गोरेवाड्याला, गोव्यात असाल तर चोडण बेटावरच्या सलीम अली अभयारण्यात. पण भिगवणला पहिल्याच दिवशी गेलात तर हजार बदकं एकदम समोर येतात आणि डोकं फिरतं, थोडा सराव करून जा.

ऑक्टोबर ते मार्च सगळ्यात सोपा काळ, पाने झडत जातात आणि पाहुणे आलेले असतात, धोबी, थिरथिऱ्या, भोरड्या. 5 ते 12 नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी जाणकारांसोबत फुकट फेऱ्या निघतात, त्यात जरूर घुसा, एका सकाळी जाणकाराच्या शेजारी उभं राहून जे कळतं ते महिनाभर पुस्तक वाचून कळत नाही.

वटवट्यांचे प्रकार, हिवाळी पर्णवटवटे, आकाशात उंच गेलेले गरुड, हे पहिल्या वर्षी सोडून द्या. वहीत "वटवट्या, कोणतातरी" असं लिहिलेलं चालतं, मुरलेले लोकही लिहितात. त्यापेक्षा फेब्रुवारीत पळस, पांगारा, सावर फुलली की एका झाडाखाली तास-दीड तास बसा. शिंजीर, दोन्ही बुलबुल, साळुंक्या, भोरड्या, चष्मेवाले, कोतवाल, पोपट सगळे एकाच झाडावर येतात, पळापळ करावी लागत नाही आणि या लेखातल्या निम्म्या जोड्या शेजारी शेजारी बसलेल्या मिळतात. टोपी मात्र घालून जा, वरून फक्त फुलंच पडत नाहीत.